दसऱ्याच्या फरशा

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा शेडवर गेले, तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि डोकं आधीच तापलेलं होतं. बनशंकरीहून आनेकलला जायला मला बस बदलावी लागते, आणि त्या दिवशी एकाही बसमध्ये बसायला जागा मिळाली नव्हती. वर कंडक्टरनं मला ‘अज्जी’ म्हटलं होतं. आजीचं वय झालंय हे मलाही ठाऊक आहे, पण ते तिकिटासोबत ऐकायची गरज नव्हती.

शेड माझ्या धाकट्या भावाची. तिथं मोठाल्या सिरॅमिकच्या फरशांच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीनं चिकटवतात. फरशी दारासारखी उंच आणि जाडीला बोटाच्या पेराहून कमी. इमारतीवर लोखंडी सांगाडा असतो, त्यात पट्ट्या अडकवल्या की फरशी भिंतीला नाहीतर छताला लटकते. बाहेरून ना खिळा दिसतो ना स्क्रू, आणि आर्किटेक्ट मंडळींना नेमकं तेच हवं असतं. डोक्यावर टांगायच्या फरशीला नुसता गोंद पुरत नाही, सोबत एखादी धातूची पकड हवीच, असं मी सुरुवातीपासून बोंबलत होते. ‘अक्का, पकड दिसते, गिऱ्हाईक नको म्हणतं,’ हे भावाचं ठरलेलं उत्तर. नाकापेक्षा मोती जड, आणि वर त्या मोत्याला तारही नको!

माझं काम तोडायचं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढला, निवृत्त झाले आणि भावानं मला शेडवर बोलावून घेतलं. फरशांची प्रत्येक खेप निघाली की त्याच गोंदानं, त्याच पट्टीचा तुकडा लावून, तळहाताएवढा एक नमुना करायचा. आठवडाभर तो नीट वाळू द्यायचा आणि मग मी तो शिकंज्यात धरून ओढून तोडायचा, अशी आमची रीत. तो तुटतोच, मी सोडतच नाही. पाहायचं असतं ते कुठं तुटला. गोंद मधोमध फाटून थोडा इकडं थोडा तिकडं राहिला, किंवा फरशीच तडकली, तर जोड पक्का. पण गोंद एका बाजूनं स्वच्छ सुटून आला, तर त्या खेपेतली एक फरशीही शेडबाहेर जाऊ द्यायची नाही.

नवरात्राच्या आधीपासून मी घरी होते. एक डोळा झाला, मग दुसरा. तेवढे दिवस भावच नमुने तोडत होता आणि रोज फोनवर ‘पास, पास’ म्हणून सांगत होता.

शेडवर पोचले तेव्हा भाऊ कपडे बदलायला घरी गेला होता. संध्याकाळी त्याला देवनहळ्ळीला एका लग्नाला जायचं होतं. मी आपली आवराआवर करायला घेतली. देवाच्या फळीवर झेंडूचा वाळून काळा पडलेला हार होता, तो काढला, तर मागं एक नमुना ठेवलेला. त्याला हळदकुंकू लावलेलं. मागं तारीख होती दसऱ्याची. तो तोडलेला नव्हता.

का तोडला नाही ते कुणाला विचारायला नको होतं. आमच्या वडिलांचं बेंगळूरच्या पेठेत फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, सगळी हत्यारं पूजेत. दसऱ्याच्या सकाळी मुहूर्तावर पहिली चौकट जोडायची. दसऱ्याला जोडलेलं तोडायचं नाही, हा त्यांचा नेम. ती चौकट ते विकतही नसत. वडील गेले, दुकान गेलं, लाकडाच्या जागी सिरॅमिक आलं, पण न तोडायचा नेम भावानं जसाच्या तसा उचलला. दसऱ्याला फरशांची पहिली खेप चिकटवायची, आणि त्या खेपेचा नमुना देवाच्या फळीवर.

दर वर्षी मी त्याच्याशी यावरून भांडते आणि आठवडा भरला की तो नमुना खाली काढून तोडते. या वर्षी मी नव्हते, एवढाच फरक.

मी नमुना शिकंज्यात धरला. वडिलांना मनात म्हटलं, रागावू नका. लांब दांडा आणायला वळणार होते, पण सहज म्हणून हातानंच पट्टीला पीळ दिला आणि ती उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी निघून माझ्या हातात आली. सगळा गोंद फरशीच्या तुकड्यावर. पट्टी कोरी करकरीत.

मी पट्टी नळाखाली धरली. धातू खरोखर स्वच्छ असेल तर पाणी त्यावर एकसंध पसरतं, धातूला चिकटून राहतं. इथं त्याचे थेंब थेंब झाले आणि घरंगळून गेले. गोंदाचंही असंच असतं. चिकटण्याआधी त्याला पसरता यायला हवं, धातूच्या बारीक बारीक ओरखड्यांत शिरून अणूंच्या अगदी जवळ जायला हवं. आत शिरल्यावर त्याच्या साखळ्या एकमेकींना गाठी मारून कडक होतात आणि मग सहजी निघत नाहीत. पण मध्ये तेलाचा एखादा पापुद्रा असला, मग तो डोळ्याला न दिसण्याइतका पातळ का असेना, तर गोंद त्या तेलावरच वाळतो. वरून बघणाऱ्याला जोड छान दिसतो. हात लावलात तर कडकही लागतो.

टेबलाशी काम करणाऱ्या बाईला विचारलं, पूजेच्या आधी काय काय केलंत? तिनं कौतुकानं सांगितलं, ‘अक्का, सगळं चमकवलं होतं. साहेबांनी गाडीचा स्प्रे दिला होता. मशीन, टेबल, सगळं. फोटो बघा ना!’ गाडीचा डॅशबोर्ड चमकवायचा तो स्प्रे म्हणजे सिलिकॉनचं तेल. ते स्वतः कुणाला धरत नाही आणि दुसऱ्यालाही धरू देत नाही. पुसायची फडकी कुठली वापरलीत, विचारलं. काही नवी, काही तीच, धुऊन घेतलेली. म्हणजे दसऱ्याच्या सकाळी पट्ट्या सॉल्व्हंटनं नेमानं पुसल्या, आणि जुनं फडकं जिथं फिरलं तिथं ते तेलच पट्टीभर सारवलं. तिचा काही दोष नव्हता, पण मी तिच्यावर ओरडले.

तेवढ्यात भाऊ आला. रेशमी शर्ट, जरीकाठी पंचा, कपाळाला गंध.

‘दसऱ्याच्या फरशा कुठायत?’ मी विचारलं.

‘देवनहळ्ळीला. लागल्या पण. तिथंच चाललोय की आता. त्या नव्या मंटपाचं पहिलं लग्न आहे.’

‘लागल्या कुठं?’

‘पोर्चच्या छताला, दाराच्या बरोब्बर वर. मुहूर्तावर केलेल्या ना त्या, मग दारावरच लागायला हव्यात. मी मुद्दाम बाजूला काढून ठेवल्या होत्या.’

मी दोन्ही तुकडे त्याच्या पुढ्यात धरले. तो शेडचा मालक आहे, त्याला सांगावं लागलं नाही. त्याच्या कपाळावरचं गंध घामानं ओलं झालेलं मला काळ्या चष्म्यातूनही दिसलं. पण तोंडानं तो म्हणाला, ‘देवाची वस्तू तू तोडलीस?’

संध्याकाळी वरपूजा होती. नवरा मुलगा वऱ्हाडासह येणार, दारात थांबणार, नवरीकडची माणसं त्याचे पाय धुणार, ओवाळणार, आणि हे सगळं होईतो दोन्हीकडची माणसं त्या छताखाली दाटीवाटीनं उभी राहणार. मी बॅग उचलली आणि त्याच्या गाडीत जाऊन बसले. तुकडे मांडीवर ठेवले होते.

आनेकल शहराच्या या टोकाला आणि देवनहळ्ळी त्या टोकाला. अख्खं बेंगळूर मध्ये आडवं पडलेलं. होसूर रोडवर आम्ही एका सिमेंटच्या मिक्सरमागं अडकलो.

‘अक्का, स्वल्प ऐक ना,’ भाऊ म्हणाला. ‘नमुना एक. फरशा वेगळ्या. नमुन्याची एखादी पट्टी खराब निघाली असेल.’

‘असेल.’

‘लावून इतके दिवस झालेत. एकही हलली नाही. पडायच्या असत्या तर लावतानाच पडल्या असत्या.’

‘असं नसतं ते. दिवसा छत तापतं, रात्री गार होतं. ॲल्युमिनियम जास्त पसरतं, सिरॅमिक कमी. रोज ती पट्टी गोंदाला थोडी थोडी ओढते. आणि सिरॅमिक काही वाकून तुला इशारा देत नाही. त्याचे अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना जरासुद्धा सरकता येत नाही. ते वाकायचंच नाही, एकदम येईल.’

‘कॉलेजातलं लेक्चर नको.’

‘मग त्या पोर्चखाली माणसं नकोत. तेवढं कर, मी गप्प बसते.’

त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मग म्हणाला, ‘तुला कळतंय का मी काय सांगायचं तिथं? पहिलं लग्न, पहिला दिवस, आणि मीच जाऊन म्हणू, माझं काम पडणार आहे? यानंतर मला कोण काम देईल? चाळीस माणसं आहेत शेडवर. झाकली मूठ सव्वा लाखाची, अक्का. उद्या लग्न उरकू दे, परवा मी गुपचूप सगळ्या उतरवतो.’

‘मूठ झाकशील. फुटलेलं डोकं कशानं झाकणार?’

‘तू लहानपणापासून अशीच. सगळं मोडून बघायचं.’

हे मला लागलं. हेब्बाळचा फ्लायओव्हर येईपर्यंत मी मांडीवरचे तुकडे पुन्हा पुन्हा जुळवून बघत होते. मंटपाच्या मालकाचा नंबर भावाच्या फोनमध्ये होता आणि फोन त्याच्या खिशात. मला नुसती भीती वाटत होती. त्याचं म्हणणं खरं निघेल अशीही भीती होती. नमुना एकटाच खराब असला आणि फरशा ठणठणीत निघाल्या, तर मी म्हातारपणी माझ्या भावाच्या धंद्यावर धोंडा घातला असं होणार होतं. आणि त्या खराब असल्या तर आम्ही अजून हेब्बाळलाच होतो. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. भाऊ दर मिनिटाला घड्याळ बघत होता आणि मी बघतेय हे दिसलं की काचेबाहेर पाही.

मंटपाचा मालक मूळचा शेतकरी. द्राक्षांचे मळे होते त्याचे. आजूबाजूला लेआउट पडत गेले तसे यानंही मळे मोडून हा मंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय, बांधला. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पोर्चच्या खांबांना केळीचे खुंट बांधलेले, दारावर फुलांची कमान, आणि कमानीशी फुलवाले शिड्यांवर चढून मोगऱ्याच्या माळा सोडत होते. त्यांच्या डोक्यांवर हातभर अंतरावर आमच्या फरशा. पांढऱ्याशुभ्र, राखाडी शिरांच्या. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होत्या. सनईवाले खाली खुर्च्या मांडत होते.

मालक दारातच उभा होता. भावाला बघून त्यानं दोन्ही हात पसरले. ‘बन्नी, बन्नी! या, आत या! सगळे विचारतायत, छत कुणी केलं म्हणून.’

भाऊ हसला, नमस्कार केला आणि पोर्चच्या बाहेर, उन्हात उभा राहिला.

‘या की आत,’ मालक पुन्हा म्हणाला.

‘हो, येतो,’ भाऊ म्हणाला. तो हलला नाही. त्याचे जोडे पोर्चच्या पायरीला टेकलेले होते. मी शेजारी उभी राहून त्याच्या पायांकडे बघत होते. मी तोंड उघडणारच होते, पण उघडलं नाही. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक असं वाटलं की मी बोलले तर तो मला खोटं पाडेल, आणि एकदा पाडलं की मग त्याला माघार घेता येणार नाही.

मालकाचं हसू हळूहळू उतरलं. शेतकरी माणूस तो, त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं भावाकडे बघितलं, मग वर छताकडे, मग परत भावाकडे.

‘का?’ तो कन्नडमध्ये म्हणाला. ‘आत का येत नाहीस तू?’

भावानं पायरीला टेकलेला पाय मागं घेतला. ‘अण्णा,’ तो म्हणाला, ‘फुलवाल्यांना आधी खाली उतरवा. सगळ्यांना बाहेर काढा. मग मला काय मारायचं ते मारा.’

मालकानं त्याला मारलं नाही. आधी त्यानं फुलवाल्यांना हाका मारून शिड्यांवरून उतरवलं, सनईवाल्यांना खुर्च्यांसकट हाकललं, खांबांचे केळीचे खुंट स्वतःच्या हातानं उपटून पायऱ्यांवर आडवे टाकले. नंतर भावाजवळ येऊन, इतक्या हळू आवाजात की मला कान द्यावा लागला, तो म्हणाला, ‘माझ्या घरावर आज तू डाग लावलास.’ त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तुकडे पुढं केले, समजावून सांगायला लागले, त्यानं नुसता हात वर केला.

वरपूजा जेवणघराच्या दारात झाली. हात धुवायच्या नळांच्या रांगेपाशी पाट मांडून नवऱ्या मुलाचे पाय धुतले. बाजूला पत्रावळींचे गठ्ठे आणि सांबाराचं भलंमोठं पातेलं. नवऱ्याच्या मावशीनं नवरीच्या बापाला सगळ्यांसमोर विचारलं, आम्हाला काय आचारी समजलात का? नवरीचा बाप माझ्या भावाकडे बोट दाखवून काहीतरी बोलला, आणि सगळं वऱ्हाड वळून त्याच्याकडे बघायला लागलं. रेशमी शर्टातला माझा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तिथून निघून जाणं सोपं होतं, पण तो गेला नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागेपर्यंत तो पोर्चसमोर दोरी बांधून, खुर्ची टाकून बसून होता. कुणी आडवाटेनं शिरू पाहिलं की उठून हात जोडायचा. मी त्याला इडली नेऊन दिली, ती त्यानं खाल्ली नाही.

फरशी काही पडली नाही. लग्न लागलं, जेवणं झाली, नवरी रडत गाडीत बसली, आणि छत जागच्या जागी. मालकाचा मुलगा येता-जाता आमच्याकडे बघून हसत होता. मला स्वतःची लाज वाटायला लागली होती. भाऊ माझ्याशी बोलत नव्हता.

दुपारी शेडवरची माणसं परांची घेऊन आली. परांची म्हणजे उंच मचाणाचा लोखंडी सांगाडा. तो उभा केला, भाऊ शर्ट काढून बनियनवर स्वतः वर चढला. पहिली फरशी कडेची. काचेला लावतात तसे रबरी कप चिकटवून त्यांनी ओढलं, पाती घालून, हातोडा मारून बघितलं, ती सुटेना. शेवटी सांगाड्यातून पट्ट्यांसकट काढावी लागली. जोड कसा असावा, तर तसा. दुसरीही तशीच. तिसरीही. वरून भावानं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि तो परत कामाला लागला. मालकाच्या मुलानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

मला राहवेना. गोंदाची रेघ खालून दिसते का, पट्टीच्या कडेला कुठं केसाएवढी तरी फट पडलीय का, मला बघायचं होतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना आता सगळं लख्ख दिसत होतं. सगळे त्या तिसऱ्या फरशीत गुंतलेले होते. मी दोरीखालून वाकून आत गेले, चष्मा कपाळावर सारला आणि दाराच्या बरोबर मध्ये, मान मागं टाकून उभी राहिले.

भाऊ तोवर चौथ्या फरशीकडे वळला होता. त्यानं रबरी कप नुसता टेकवला, ओढलाही नाही, आणि फरशीची एक कड खाली आली. काही आवाज झाला नाही. त्यानं कप सोडून दोन्ही तळहात वर लावले, मग डोकं लावलं. दारासारखी ती फरशी त्याच्या हातांवर आणि टाळूवर आली. पट्ट्या वर सांगाड्यातच राहिल्या होत्या. त्याची मान दबली, डोळे खाली झुकले, आणि खाली त्याला मी दिसले.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर हात हलले असते. अगदी हळू, लहान मुलाला झोपेतून उठवावं तशा आवाजात तो म्हणाला, ‘अक्का, मागं सर. सावकाश. अजून. अजून सर.’

मी सरले. पाठ खांबाला लागेपर्यंत सरले. त्याचे दंड थरथरत होते आणि तो माझ्याकडेच बघत होता. दोघे वर चढले, दोघांनी खालून आधार दिला, फरशी उतरली. मालकाच्या मुलानं मोबाइल खिशात घातला होता.

वर उरलेल्या पट्ट्या मी बघितल्याच नाहीत. भाऊ खाली उतरला, सरळ माझ्याकडे आला आणि उजव्या हातानं, कोपराच्या वर, माझा दंड धरला. कुणीतरी कॉफी आणून दिली, ती त्यानं डाव्या हातानं प्यायली.